दादाचं रंगीत बोट

महासाथीच्या दोन वर्षांत आमच्या घरचा डॉक्टर मी होतो. शिक्षण म्हणाल तर बी.एस्सी. बी.एड., तेही भौतिकशास्त्र घेऊन.

तीस वर्षं रोह्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवून मी निवृत्त झालो आणि पेणला आमच्या मूळ घरी परतलो. माडीवर मी आणि माझी बायको मंगल. खाली मोठा भाऊ अनंतदादा, शैलावहिनी आणि तीनशे गणपती. (दादाचा मूर्तींचा कारखाना होता. आमच्या आळीत घरात माणसं किती हे कोणी विचारत नाही, मूर्ती किती ते विचारतात.) दादाचा हात नावाजलेला होता तो डोळ्यांच्या आखणीसाठी. मूर्तीचं सगळं रंगकाम उरकलं की शेवटी बारीक कुंचल्यानं भुवई, पापणी, बुबुळ काढायचं. पापणी काढताना दादा श्वास रोखून धरायचा, एका ओढीत रेघ पुरी करायचा आणि मग सावकाश श्वास सोडायचा. लहानपणी मी शेजारी बसून त्याच्याबरोबर श्वास रोखायचो आणि दर वेळी आधी सोडायचो.

दादा सातवीतून शाळा सोडून साच्याला लागला, तो मी शिकावं म्हणून. घरात निदान एक तरी शिकलेला हवा, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे मी शिकलो त्यात माझ्यापेक्षा त्याचीच जास्त गुंतवणूक होती, आणि माझ्या तोंडून निघालेलं काहीही तो खरं मानायचा. मी पास झालो तेव्हा सगळ्या आळीला त्यानं सांगितलं होतं, "आमच्या घरात आता मास्तर हाय. कोणाला काय विचारायला जायला नको." त्या दिवसापासून तो मला मास्तरच म्हणायचा.

साथ आली तसा मी घराचा ताबा घेतला. पहिल्याच आठवड्यात कोथिंबीर साबणाच्या पाण्यात धुतली. त्या दिवशीच्या आमटीला जरा फेस आला होता, पण सगळ्यांनी ती निमूट खाल्ली, कारण दादा म्हणाला, "मास्तर सांगतो म्हणजे काय तरी असेल त्यात." शैलावहिनींनी काढा उकळायला ठेवला, तर मी त्यांना चुलीपुढेच विषाणू म्हणजे काय ते समजावायला लागलो. माझं समजावून होईपर्यंत काढ्याचा पाक झाला होता. वहिनींनी पातेलं माझ्यापुढे धरलं आणि म्हणाल्या, "भावोजी, विषाणूचं समजलं. आता हे कोणी घासायचं?"

आळीत रोज नवा उपाय निघायचा. कोणी गरम पाण्यात लिंबू टाकून वाफ घ्यायचा, कोणी कापराची पुडी गळ्यात बांधायचा. मी माडीच्या खिडकीतून एकेकाला शास्त्र सांगायचो. वैद्यकशास्त्रावर माझ्याइतका विश्वास अख्ख्या आळीत कोणाचा नव्हता, आणि मला त्याचा अभिमान होता. माझा एवढा विश्वास होता, की ते शास्त्र आता माझ्याच घरी राहायला आलंय अशी माझी समजूत झाली होती.

दुसरी लाट आली तेव्हा मी बोटाला लावायचं ते ऑक्सिजन मोजायचं यंत्र मागवलं. (लस सुरू झाली होती, पण आमच्या केंद्रावर सुरू झाली आणि संपलीही.) यंत्र आल्याबरोबर मी सगळ्यांना ओळीत बसवलं. मंगल अठ्ठ्याण्णव, वहिनी अठ्ठ्याण्णव, मी सत्त्याण्णव. मग दादानं बोट पुढे केलं. एक्क्याऐंशी!

दादा तेव्हा तांदळाची भाकरी खात होता. त्याच्या हातातली भाकरी काढून घेतली आणि त्याला म्हटलं, पालथा झोप. तो म्हणाला, "अरे, जेवून घेऊ दे." मी ओरडलो, "एक्क्याऐंशीवर माणूस जेवत नाही!" तो बिचारा खरंच पालथा झोपला, दोन ओल्या मूर्तींच्या मधे, तोंडात घास तसाच. मंगल ॲम्ब्युलन्सला फोन लावायला धावली, फोन घाईत शेजाऱ्यांना लागला आणि पाच मिनिटांत समोरच्या सगळ्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. दादा जमिनीवरून विचारत होता, "मास्तर, घास गिळला तर चालेल काय रे?"

शेवटी मीच फोन केल्यावर आमच्या आळीतले डॉक्टर नखशिखांत पांढऱ्या पोशाखात आले. दादाचं बोट त्यांनी वर धरून पाहिलं. नखावर मूर्तीच्या शेल्याचा निळा रंग वाळून जाड बसला होता. त्यांनी रॉकेलचा बोळा मागितला, नख खसाखसा घासलं आणि यंत्र पुन्हा लावलं. सत्त्याण्णव.

"नखाला रंग असला की हे यंत्र फसतं," डॉक्टर म्हणाले. "बोट स्वच्छ करून लावत जा. आणि यांना जेवू द्या."

महिनाभर आळीला हसायला दुसरा विषय लागला नाही. दादा स्वतःच रंगवून सांगायचा. पण मी मात्र त्या वाक्यानं हरखून गेलो. नखाला रंग असला की यंत्र फसतं! लाल प्रकाश, रंगाचे कण, प्रकाशाचं शोषण, सगळं माझ्याच विषयातलं. मी खिडकीतून आळीला ते तीन-तीनदा समजावलं. इतक्या वेळा समजावलं, की बोट स्वच्छ करून लावत जा, हे डॉक्टरांचं पुढचं वाक्य माझ्यापुरतं फिकं होत गेलं.

वैशाखात दादाला ताप आला. तपासणीत साथीचाच निघाला. डॉक्टरांनी फोनवर गोळ्या सांगितल्या आणि दिवसातून चारदा ऑक्सिजन बघा, त्र्याण्णवच्या खाली गेला की लगेच कळवा, असं बजावलं. मी दादाला रंगखोलीत वेगळं ठेवलं. सोबत आखणीच्या बाकी राहिलेल्या पाच मूर्ती होत्या, त्याला करमावं म्हणून. पहिल्या संध्याकाळी यंत्र लावलं. एक्क्याण्णव.

"रंग," मी म्हणालो.

बोट रॉकेलनं पुसलं. ब्याण्णव. पुन्हा पुसलं. एक्क्याण्णव. डॉक्टरांना फोन करायला मी मोबाईल हातात घेतलाही होता. पण मागच्या वेळचा पालथा दादा आठवला आणि मला लाज वाटली. पुन्हा एकदा हसं करून घ्यायची माझी तयारी नव्हती. हे मी आज लिहितोय, तेव्हा स्वतःलाही तसं सांगितलं नव्हतं. तेव्हा म्हटलं ते असं, "पन्नास वर्षांचा रंग आहे. नखाच्या आत मुरलाय. वरवर पुसून जाणार नाही."

दादा हसला. "खरं हाय. ह्या नखात निदान दहा हजार गणपती बसलेत. ते रॉकेलला उठतात काय?"

दारात उभ्या असलेल्या वहिनींनी मास्क सारखा करत विचारलं, "पण भावोजी, मागं पुसल्यावर सत्त्याण्णव आलेलं ना?"

"तेव्हा निळा होता, वहिनी. आता सोनेरी आहे. सोनेरीत धातूची पूड असते. ती प्रकाश परतवते."

वहिनी मागे फिरल्या. इतकं तयार उत्तर मिळाल्यावर माणूस दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी नव्वद, तिसऱ्या दिवशी एकोणनव्वद. दादा उठून बसला होता, बोलत होता, मंगलच्या भाकरीला नावं ठेवत होता. "बघा," मी वहिनींना म्हणालो, "एकोणनव्वदवाला माणूस अशा गप्पा मारेल का? धाप लागली असती." या आजारात ऑक्सिजन उतरला तरी माणसाला पत्ता लागत नाही, तो हसतबोलत राहतो, हे तेव्हा रोज वर्तमानपत्रात येत होतं. मीच ते कात्रण कापून जिन्यात चिकटवलं होतं.

"पायाच्या बोटाला लावलं तर?" वहिनी म्हणाल्या. "पायाला कुठं रंग हाय?"

याच्यावर मी जे बोललो ते आठवलं की आजही जेवण जात नाही. मी म्हणालो, "वहिनी, पाय हृदयापासून लांब असतो. तिथे आकडा भरवशाचा येत नाही." त्यांनी दादाकडे पाहिलं. दादा म्हणाला, "अगो, त्याला कळतं ना. तू कशाला डोकं लावतेस?"

त्याच दुपारी दादानं एक मूर्ती पुढ्यात ओढली. उजव्या डोळ्याची पापणी धरली आणि रेघ मधेच सुटून गालावर उतरली. पन्नास वर्षांत मी दादाची रेघ सुटलेली पाहिली नव्हती. तो कुंचल्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मास्तर, श्वास धरवत नाय रे."

"तापाचा थकवा," मी म्हणालो.

चौथ्या दिवशी सकाळी मी माडीवर चहा पीत होतो. वहिनी जिना चढून आल्या आणि चपलांसकट आत आल्या. हातात ते यंत्र होतं. त्यांनी मला न विचारता लावून पाहिलं होतं.

"पायाच्या अंगठ्याला ब्याऐंशी दाखवतंय," त्या म्हणाल्या. "मी माझ्या पायाला पण लावून बघितलं. माझं अठ्ठ्याण्णव आलं. आता सांगा."

सातवी न शिकलेल्या बाईनं एक बोट, दुसरं बोट, एक माणूस, दुसरा माणूस असं ताडून पाहिलं होतं. प्रयोग करून बघा, नुसतं पाठ करू नका, असं मी तीस वर्षं फळ्यावर लिहीत होतो.

मी धावलो. पेणला एकही खाट रिकामी नव्हती. शेवटी रोह्याला माझी जुनी विद्यार्थिनी स्वाती एका दवाखान्यात डॉक्टर आहे, तिला फोन लावला. ती म्हणाली, "सर, आत्ता निघा. एक खाट धरून ठेवते." ॲम्ब्युलन्स मिळाली. वडखळ, नागोठणं, मग भिसे खिंड, दादाच्या नाकाला नळी आणि मी समोर बसलेला. खिंडीत गाडी वळणं घ्यायला लागली तसा दादा नळीवरूनच पुटपुटला, "आखणी राहिली ती कोणाकडं देऊ नको. आल्यावर करीन."

रोह्याला स्वाती दारातच उभी होती. मास्कमुळे तिचे डोळे तेवढे दिसत होते. दादाला आत घेतलं आणि ती कागद घेऊन माझ्याकडे आली.

"सर, ऑक्सिजन पहिल्यांदा कमी कधी आला?"

मी तिला आठवीपासून दहावीपर्यंत शिकवलं होतं. निरीक्षण जसं दिसलं तसं लिहायचं, आपल्याला हवं तसं नाही, यासाठी एकदा तिची प्रयोगवहीही परत केली होती. तीच मुलगी पेन उघडून माझ्यापुढे उभी होती.

"आज सकाळी," मी म्हणालो.

"बरं झालं लगेच आणलंत. तुम्ही बघत होतात म्हणून काळजी नाही," ती म्हणाली आणि तिनं तसं लिहून घेतलं. वहिनी माझ्या मागे उभ्या होत्या.

खोटं पचलं नाही, हे मात्र सांगायला हवं. तासाभरानं मी पुन्हा दारावर गेलो आणि स्वातीला बाहेर बोलावून खरं सांगितलं. तीन दिवस. तिनं आधीचं खोडलं, नवीन लिहिलं. कागद घेऊन लगेच आत गेली. मला तिनं ओरडावं असं फार वाटत होतं.

दादा नऊ दिवस होता. आम्हाला आत जाऊ देत नव्हते. रोज दुपारी स्वाती मोबाईलवर त्याला दाखवायची. त्याच्या तोंडावर मोठा मास्क, आणि बोटाला यंत्र. तिथल्या नर्सनं त्याची सगळी नखं घासून स्वच्छ केली होती. दादाची नखं पांढरी दिसतात हे मला तेव्हा कळलं. पाचव्या दिवशी स्वाती म्हणाली, "सर, काकांना नवीन औषध सुरू करायचंय. ते ऐकतच नाहीत. म्हणतात, आधी आमच्या मास्तरला विचारा." मी मोबाईलवर ओरडून सांगितलं, "घे रे दादा, डॉक्टर सांगतात ते कर, मला विचारू नको." त्यानं अंगठा वर केला. मी सांगितलं म्हणून.

नवव्या दिवशी दुपारी तो गेला. अंत्यविधी नगरपालिकेच्या माणसांनी केला. कुंडलिकेच्या काठी आम्ही तिघं लांब उभे राहिलो. माझ्यासाठी शाळा सोडलेल्या माणसाला मला खांदासुद्धा देता आला नाही.

पेणला परत आल्यावर लोक अंगणाबाहेरूनच भेटून जायचे. समोरचे रघूअण्णा म्हणाले, "दवाखान्यात नेलं तिथंच चुकलं. घरात हसतखेळत होता. तिथं नेऊन मारलंनी." एरवी मी अशा माणसाला खिडकीतून तासभर शास्त्र सांगितलं असतं. त्या दिवशी मी गप्प बसलो. मान हलवली, असंही मंगल म्हणते. मला ते ऐकायला बरं वाटलं होतं. दवाखान्यानं मारलं म्हणजे मी मारलं नाही.

पावसाळ्यात आळीत लसीचा कॅम्प लागला आणि आमच्या बाजूचं कोणीच गेलं नाही. रघूअण्णा सांगत फिरत होते, "अनंताचं बघितलं ना? एकदा त्या लोकांच्या हाती गेला तो परत आला नाय." स्वातीनं आणि त्या नर्सनं नऊ दिवस दादासाठी जिवाचं रान केलं होतं, आणि माझ्या गप्प बसण्यानं तेच गुन्हेगार ठरले होते. तेव्हा मात्र मला राहवेना. मी मास्क लावला आणि घरोघर निघालो. प्रत्येक दारात एकच सांगायचं ठरवलं होतं, की दवाखान्यानं काही चुकवलं नाही, यंत्रही खरं सांगत होतं, तीन दिवस वाया घालवले ते मी.

आणि गंमत बघा, वर्षभर मी काहीही सांगितलं ते आळीनं ऐकलं. खरं सांगायला गेलो तर कोणी मानेना! रघूअण्णांनी मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. "मास्तर, मनाला लावून घेऊ नका. तुमच्यासारखा शिकलेला माणूस असं करेल व्हय?"

"केलं, अण्णा."

"तुम्हाला धक्का बसलाय. मंगलबाईंना सांगा जायफळ घालून दूध द्यायला."

शेवटी मी त्यांच्यापुढे रडलो. पासष्टीचा माणूस, मास्क ओला होऊन तोंडाला चिकटलेला, दुसऱ्याच्या ओट्यावर बसून. रघूअण्णा उठले. मग आत जाऊन सदरा बदलून आले आणि म्हणाले, "चला. कुठं हाय तुमचा कॅम्प?" त्यांच्या मागून आळीतली बाकीची मंडळी आली. माझ्या भाषणानं तीस वर्षांत एवढं काम कधी केलं नव्हतं.

सगळ्यांना सांगितलं, पण वहिनींना सांगायचं राहिलं. रोज एका घरात राहून राहिलं. वहिनींनी कारखाना बंद केला नाही. आखणीला त्या बाहेरचा माणूस बोलावतात, आणि तो काम करत असेपर्यंत त्या खोलीत जात नाहीत. मला त्या पूर्वीसारखंच भावोजी म्हणतात, पूर्वीसारखाच चहा देतात.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी त्या पडवीत बिरड्याचे वाल सोलत बसल्या होत्या. मी समोर बसलो, मूठभर वाल घेतले आणि सोलायला लागलो. दहा-बारा वाल सोलून झाल्यावर म्हणालो, "वहिनी, ते तीन दिवस माझ्यामुळे गेले. माझं हसं होईल म्हणून मी घाबरलो. आणि स्वातीला आधी खोटं सांगितलं."

"माहीत हाय," वहिनी म्हणाल्या. "मी मागंच उभी होते."

"मग इतकी वर्षं मला एका शब्दानं बोलला नाहीत?"

वहिनींनी हातातला वाल सोलून ताटात टाकला.

"बोलले असते तर तुम्ही त्याचं पण कारण समजावून दिलं असतंत, भावोजी. आणि तुम्ही इतकं चांगलं समजावता, मला ते पटलं असतं."

मी मान खाली घालून वाल सोलत राहिलो. खोटं कशाला सांगू, कारण माझ्याकडे तयार होतं.